काडतुसं कुठे पडतात ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या सोव्हिएत प्रचारपटांचे तुकडे निवडून तुमच्या चित्रपट मंडळात तासाभराचा कार्यक्रम करायचाय. मंडळातले एक जुने सभासद म्हणतात, "त्यात काही राम नाही, सगळं नाटक, बंदुकासुद्धा लाकडाच्या." म्हणून तुम्ही विचारलंत की शस्त्रं खरी होती का, गोळ्या खऱ्या होत्या का, खरी लढाई आणि कॅमेऱ्यासाठी मांडलेली लढाई ओळखायची कशी, तुकडा कोणत्या सालचा हे कसं ठरवायचं, आणि अमेरिकेने एवढी मदत पाठवली होती तर ती दिसत का नाही.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. सैन्यात २४ वर्षं आर्मरर होतो. बंदुका झाडणारे वेगळे, त्या उघडून दुरुस्त करणारे आम्ही. निवृत्तीनंतर चित्रीकरणाच्या ठिकाणी शस्त्रं सांभाळायला जातो. त्यामुळे पडद्यावर गोळीबार सुरू झाला की घरातले सगळे नायकाच्या तोंडाकडे बघतात आणि मी बंदुकीशेजारच्या जमिनीकडे. रशियन माल मला परका नाही. आपल्या टी-७२ रणगाड्यात तोफेशेजारी बसवलेली मशीनगन आणि आपली ड्रॅगुनॉव्ह रायफल जे ७.६२ बाय ५४ मिलिमीटरचं, बुडाला कड असलेलं काडतूस खातात, तेच काडतूस १८९१ साली मोसिन रायफलबरोबर आलं. तुम्ही ज्या चित्रपटांबद्दल विचारताय त्यांतल्या निम्म्याअधिक बंदुका याच काडतुसावर चालतात.

एका ओळीत उत्तर हवं असेल तर: शस्त्रं बहुतेक खरी, त्यांचा वापर पुष्कळदा लटका. तुमच्या सभासदांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्यांनी चुकीचं अर्ध धरलंय.

पहिली गोष्ट म्हणजे दोन प्रकारची फिल्म वेगळी ठेवा. एक, आघाडीवरच्या कॅमेरामननी टिपलेली वार्तापटांची फिल्म. दुसरी, स्टुडिओत नटनट्या घेऊन केलेले कथापट. इंटरनेटवरच्या संकलनांत दोन्हींची खिचडी झालेली असते. कथापटातला स्फोट आणि वार्तापटातलं प्रेत एकापाठोपाठ येतं आणि बघणाऱ्याला दोन्ही एकाच दिवसाचं वाटतं.

वार्तापटवाल्यांकडून सुरुवात करू. युद्धाच्या चार वर्षांत अडीचशेच्या आसपास सोव्हिएत कॅमेरामन आघाडीवर होते आणि त्यांनी सुमारे ३५ लाख मीटर फिल्म खर्ची घातली. त्यांच्या हातात असायचा 'आयमो' हा चावीचा कॅमेरा, अमेरिकन किंवा त्याची रशियन नक्कल. त्यात एका वेळी ३० मीटर फिल्म मावायची. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने ती मिनिटभरातच संपते, आणि चावी त्याहून कितीतरी आधी. म्हणजे खऱ्या लढाईत कॅमेरामनला जे मिळायचं ते पाच-दहा सेकंदांचे तुकडे. एखाद्या चकमकीचं सुरुवात-मध्य-शेवट असं सलग, चार कोनांतून घेतलेलं चित्रण दिसलं की मनाशी खूण करा, हे मांडलेलं आहे.

आणि आयमोत आवाज नोंदवला जात नाही. वार्तापटात तुम्ही ऐकता तो प्रत्येक बार, रणगाड्याची प्रत्येक घरघर आणि 'उर्रा'ची प्रत्येक आरोळी नंतर स्टुडिओत चढवलेली आहे. लोक मला क्लिप पाठवून विचारतात, "काका, हा आवाज कोणत्या मशीनगनचा?" मी सांगतो, बाबा रे, तो आवाज कदाचित त्या वर्षाचासुद्धा नसेल. शस्त्र ओळखताना कान बंद ठेवा.

आता डोळ्यांचं काम, आणि माझ्या आवडीचा भाग. प्रत्येक बंदूक रिकामी पुंगळी आपल्या ठरलेल्या दिशेला फेकते.

पीपीएसएच, म्हणजे श्पागिनची ती गोल ड्रमवाली सबमशीनगन, पुंगळ्या वर उडवते. सैनिकाच्या टोपीपुढे पितळेचा कारंजा दिसायला हवा. दिग्त्यार्योवची हलकी मशीनगन, जिला डीपी म्हणतात आणि जिच्या डोक्यावर ४७ गोळ्यांची सपाट थाळी असते, ती पुंगळ्या खाली टाकते. मॅक्सिम, तीच ती चाकांवरची जाड पाण्याच्या नळकांड्याची मशीनगन, पुंगळ्या पुढच्या बाजूला, नळकांड्याखालच्या नळीतून ढकलते. मोसिन रायफलची पुंगळी हाताने बोल्ट मागे ओढेपर्यंत बाहेर येतच नाही. जर्मनांची एमपी-४० उजवीकडे फेकते. हे एवढं पाठ केलंत तरी एका संध्याकाळीत तुम्हाला कळेल की कुठल्या दृश्यात बंदूक खरंच चाललीय आणि कुठे नट नुसता खांदा हलवतोय.

डीपीमध्ये आणखी एक सोय आहे. गोळ्या सुटत गेल्या की तिच्या थाळीचं वरचं झाकण फिरत जातं. ते फिरताना दिसलं तर आतून काडतुसं खाली उतरताहेत, प्रश्न मिटला. थाळी स्थिर, पण नळीच्या तोंडाशी जाळ आणि वर धडधडाट, तर जाळ कोणीतरी वेगळा केलाय आणि आवाज कोणीतरी वेगळा चढवलाय.

मग काडतुसं खरी की ब्लँक, म्हणजे दारू भरलेली पण पुढे गोळी नसलेली? बोल्ट ओढायच्या रायफलला ब्लँक काडतुसाने काही फरक पडत नाही, सैनिक हाताने सगळं करतो. आपोआप चालणाऱ्या बंदुकीचं तसं नाही. गोळी नळीतून जाताना जो दाब तयार होतो, त्याच्या जोरावर बंदूक पुढचं काडतूस घेते. गोळीच नसेल तर वायू फुकट निघून जातो आणि बंदूक एका बारानंतर गप्प बसते. म्हणून नळीच्या तोंडाशी आतून बूच बसवून भोक बारीक करावं लागतं. चित्रीकरणात आजही आम्ही हेच करतो. अशी बूच लावलेली बंदूक पडद्यावर ओळखू येते. ती सैनिकाच्या खांद्याला धक्का देत नाही, नळी वर उचलली जात नाही, आणि तोंडाशी जाळ मात्र दिवाळीतल्या अनारासारखा येतो. खऱ्या गोळीबारात दिवसाउजेडी जाळ जवळपास दिसतच नाही. धूर आणि धूळ दिसते.

जाळाचा थोडा हिशेब करू, कारण यात भलेभले फसतात. श्पागिनची गन मिनिटाला ९००च्या आसपास गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला १५. कॅमेरा सेकंदाला २४ चौकटी घेतो, पण त्याची झडप निम्मा वेळ बंद असते. प्रत्येक जाळ काही हजारांश सेकंद टिकतो. मग १५ पैकी जेमतेम ७-८ जाळ फिल्मवर उतरणार, तेही वेडेवाकडे, मध्येच दोन लागोपाठ, मध्येच काहीच नाही. ठेक्यात, प्रत्येक चौकटीत जाळ येत असेल तर तो लढाईचा नाही, तालमीचा.

आणि ड्रम. त्यात ७१ गोळ्या. सेकंदाला १५ या वेगाने तो पाच सेकंदांत रिकामा होतो. तुम्ही निवडाल त्या कथापटात घड्याळ लावून बघा, नायक किती वेळ चाप दाबून धरतो. मी एकदा मोजायला बसलो तर बायको म्हणाली, "तुम्हाला बरोबर घेऊन सिनेमा बघणं म्हणजे शिक्षा." तिचं खरं आहे.

मोसिनबद्दल एक गोष्ट, कारण ती उलट बाजूची आहे. प्रचारपटांत पायदळ धावून जातं तेव्हा सगळ्यांच्या रायफलींना लांब, चौधारी, सुईसारखी संगीन लावलेली दिसते. लोकांना वाटतं हे दिग्दर्शकाचं नाटक. ते नाटक नाही. लाल सेनेची १८९१/३० नमुन्याची रायफल संगीन लावूनच नेमाला लावलेली असायची. संगीन काढली की गोळी दुसरीकडे लागायची. संगिनीला म्यानही नसे, ती कायम नळीवरच. तेव्हा संगीन दिसणं हा खरेपणाचाच पुरावा. स्नायपरच्या रायफलीची गोष्ट वेगळी, ती संगिनीशिवायच नेमाला लावत.

मॅक्सिमच्या नळकांड्यात चार लिटरच्या आसपास पाणी मावतं. ते उकळून वाफ निघायला अडीचएकशे गोळ्यांचे दोन-अडीच पट्टे सलग झाडावे लागतात. आपल्या जुन्या पलटणींतल्या विकर्सचंही असंच होतं, ती मॅक्सिमचीच सुधारलेली धाकटी बहीण. वाफेची बारीक रेघ दिसली तर त्या तोफचीने खरंच बराच वेळ काम केलंय. स्टुडिओतल्या मॅक्सिमला मी तरी कधी घाम फुटलेला पाहिला नाही.

रणगाडाविरोधी लांब रायफलही या चित्रपटांत फार लाडकी. पीटीआरडी, १४.५ मिलिमीटर, जवळपास दोन मीटर लांब, १७ किलोची, ऑगस्ट १९४१ मध्ये स्वीकारलेली. दोन माणसं खंदकात आणि समोरून रणगाडा, यापेक्षा पडद्याला आणखी काय हवं? बार झाला की तोंडापुढचा बर्फ किंवा माती उधळलीच पाहिजे. उधळली नाही तर बार झालाच नाही. आणि एका गोळीत रणगाडा फटाक्यासारखा फुटत असेल तर ते कथापटाचं औदार्य. ही गोळी जवळून, बाजूच्या पातळ पत्र्यातून आत जायची. ती आत गेल्यावर माणूस जखमी व्हायचा, यंत्र बिघडायचं. रणगाडा बहुतेक वेळा नुसता थांबायचा. तरी जर्मनांना तिचा एवढा त्रास झाला की १९४३ पासून त्यांनी आपल्या रणगाड्यांच्या कडेला पातळ पत्र्यांचे पडदे टांगले. असे पडदे असलेला जर्मन रणगाडा एखाद्या तुकड्यात दिसला आणि खाली '१९४१' लिहिलं असेल, तर लिहिणाऱ्याला विचारा.

आता मांडलेल्या लढाईबद्दल. बंदुकीपेक्षा सोपी खूण आहे: कॅमेरा कुठे उभा आहे? पायदळ कॅमेऱ्याच्या दिशेने धावत येतंय, चेहरे दिसताहेत, म्हणजे कॅमेरामनची पाठ शत्रूकडे आहे आणि तो आपल्या माणसांच्या पुढे, मोकळ्या जमिनीवर उभा आहे. खऱ्या हल्ल्यात तिथे कोणी उभं राहत नाही. खऱ्या चित्रणात पाठी दिसतात, कॅमेरा जमिनीलगत असतो, निम्मी चौकट मातीच्या बांधाने भरलेली असते, आणि नीट काही दिसत नाही. जे नीट दिसत नाही, ते बहुधा खरं.

मांडलेल्या दृश्यांतलं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे स्टालिनग्राडचा वेढा पूर्ण झाला तेव्हाचं. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी कलाचजवळ सोवेत्स्की इथे उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेली सोव्हिएत दलं एकमेकांना भेटली. तिथे त्या क्षणी कॅमेराच नव्हता. काही दिवसांनी सैनिकांना पुन्हा बर्फातून एकमेकांकडे धावायला लावून, मिठ्या मारायला लावून ते चित्रित केलं गेलं, आणि तेच आज प्रत्येक माहितीपटात येतं. त्यातल्या बंदुका शंभर टक्के खऱ्या आहेत, त्या धरणारे सैनिकही तेच. म्हणून तर सुरुवातीला म्हटलं की सभासदांनी चुकीचं अर्ध धरलंय.

त्याच मोहिमेतलं दुसरं उदाहरण. १९ नोव्हेंबरच्या सकाळी तोफांनी हल्ल्याला सुरुवात केली तेव्हा दाट धुकं होतं, विमानंसुद्धा धड उडू शकली नाहीत. आणि पडद्यावर त्या सकाळचा म्हणून जो भडिमार दाखवतात तो अनेकदा स्वच्छ हवेतला असतो, तोफांची रांग क्षितिजापर्यंत दिसते. तोफा खऱ्या, भडिमार खरा, दिवस दुसरा. संकलकाला काय करायचं होतं ते समजू शकतो. धुक्यात काढलेल्या फिल्मवर राखाडी भिंतीशिवाय काही उमटलं नसतं.

शस्त्रांशी संबंध नसलेलं एक उदाहरण देतो, कारण त्यातली नजर तीच आहे. ७ नोव्हेंबर १९४१ ला जर्मन मॉस्कोच्या दाराशी असताना लाल चौकात संचलन झालं. गुप्ततेसाठी ते नेहमीपेक्षा लवकर सुरू केलं आणि ध्वनिमुद्रणवाले चुकले. स्टालिनचं भाषण मग क्रेमलिनच्या एका दालनात लाकडी देखावा उभारून पुन्हा चित्रित केलं. बारीक नजरेच्या प्रेक्षकांनी ते पकडलं: बाहेर कडाक्याची थंडी आणि बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ नाही. मॅक्सिमची वाफ आणि ही वाफ, तपासायची रीत एकच. हे भाषण ज्या माहितीपटात आलं, तो मॉस्कोजवळच्या जर्मन पराभवावरचा वार्लामोव आणि कोपालिन यांचा चित्रपट फेब्रुवारी १९४२ मध्ये पडद्यावर आला आणि त्याच्या अमेरिकन आवृत्तीला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं.

तुकड्याचं साल ठरवताना एकट्या बंदुकीवर भिस्त ठेवू नका. हे मी ठेच खाऊन शिकलो. एका निर्मात्यांनी मला एक क्लिप पाठवली: बर्फ, पांढरे अंगरखे, सगळ्यांकडे श्पागिनच्या गन, झाडीतून धावणारे सैनिक. विचारलं, मॉस्को १९४१ लिहू का? मी ड्रम बघितले, शिरस्त्राणं बघितली, म्हटलं लिहा. त्यांच्या संकलनाच्या खोलीत काम शिकणाऱ्या एका मुलीने दोन दिवसांनी फोन करून नम्रपणे विचारलं, "काका, शेवटी तो अधिकारी वळतो तेव्हा अंगरखा सरकतो. खांद्यावर पट्टी दिसते. तेव्हा पट्ट्या होत्या का?" नव्हत्या. लाल सेनेत खांद्यावरच्या पट्ट्या जानेवारी १९४३ मध्ये आल्या. त्याआधी हुद्दा कॉलरवर असायचा, कारण खांद्याच्या पट्ट्या म्हणजे झारच्या अधिकाऱ्यांची, क्रांतीच्या शत्रूंची खूण. मी बंदुका बघत बसलो आणि खांदे बघितलेच नाहीत. तेव्हापासून पहिली नजर खांद्यावर, मग बाकी.

शिवाय श्पागिनच्या गनचीच गोष्ट घ्या. ती स्वीकारली गेली डिसेंबर १९४० मध्ये, पण १९४१ च्या उन्हाळ्यात सैन्यात फारशी नव्हती. तिचा पूर आला तो १९४२ मध्ये, त्या एका वर्षात सुमारे १५ लाख तयार झाल्या. पत्रा ठोकून करायची वस्तू होती, तासकाम कमी, त्यामुळे बाकीचं सामान बनवणारे कारखानेही ती करू शकले. म्हणून १९४१ च्या खऱ्या तुकड्यात तुम्हाला जास्त करून मोसिन दिसेल, आणि टोकारेवची एसव्हीटी-४० दिसेल, दहा गोळ्यांची, आपोआप भरणारी रायफल. सबमशीनगन दिसलीच तर ती दिग्त्यार्योवची पीपीडी असू शकते. ड्रम तसाच गोल असतो, लोक हमखास गल्लत करतात. पीपीडी-४० ला ड्रमच्या पुढेही लाकडाचा तुकडा असतो, श्पागिनच्या गनला ड्रमच्या पुढे थेट लोखंडी जाळी.

मॅक्सिमवरूनही साल कळतं. फिनलंडच्या युद्धात धडा मिळाल्यावर पाणी भरायचं तोंड मोठं केलं गेलं, बर्फाची ढेकळं थेट आत कोंबता यावीत म्हणून. रुंद झाकणाची मॅक्सिम दिसली की १९४१ किंवा नंतरची. उलट निष्कर्ष मात्र काढू नका, अरुंद तोंडाच्या जुन्या मॅक्सिम शेवटपर्यंत चालल्या.

टी-३४ रणगाड्याचं तर सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगतो. ८५ मिलिमीटर तोफेचा, मोठ्या बुरुजाचा टी-३४ हा १९४४ चा. १९४१ च्या मॉस्कोत किंवा १९४२ च्या स्टालिनग्राडमध्ये तो दिसला, तर तुम्ही त्या वर्षांत काढलेला चित्रपट बघतच नाही आहात, १९४४ किंवा नंतरचा बघताय. ही फार मोठी सोय आहे. १९४२ मध्ये काढलेल्या चित्रपटात १९४४ चं शस्त्र येऊच शकत नाही.

कात्युशाचंही तसंच. १३२ मिलिमीटरचे १६ अग्निबाण डागणारी ही गाडी पहिल्यांदा १४ जुलै १९४१ ला ओर्शा इथे वापरली गेली, कॅप्टन फ्लेरोव यांच्या तुकडीने. ती इतकी गुप्त होती की गाड्यांवर स्वतःलाच उडवून देण्यासाठी स्फोटकं बांधलेली असत. ऑक्टोबरमध्ये वेढ्यात सापडल्यावर फ्लेरोवच्या माणसांनी तेच केलं. तुम्ही बघायचं ते बाणांकडे नाही, खालच्या ट्रककडे. रशियन झिस-६ असेल तर सुरुवातीचा काळ. अमेरिकन स्टुडबेकर असेल तर १९४३ किंवा नंतर. आणि झिस-१५१ असेल, तर तो ट्रक १९४८ पासूनचा, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षं झाली. 'कात्युशाचं दुर्मीळ चित्रण' म्हणून फिरणाऱ्या क्लिपांत हा ट्रक मी किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही.

मोजपट्टी म्हणून एक चित्रपट हाताशी ठेवा. १३ जून १९४२ या एकाच दिवशी १६० कॅमेरामननी आघाडीपासून कारखान्यांपर्यंत जे टिपलं, त्यातून एक माहितीपट तयार केला गेला, दिग्दर्शक स्लुत्स्की. तारीख पक्की असल्यामुळे त्या दिवशी कोणाच्या हातात काय होतं, कोणाच्या डोक्यावर काय होतं, हे त्यात दिसतं. संशयास्पद तुकडा त्याच्याशेजारी लावून बघा.

कथापटांकडे वळतो, थोडक्यात, कारण त्यांतली शस्त्रं कमी आणि परिस्थिती जास्त बोलकी आहे. १९४१ च्या शरद ऋतूत मॉस्को आणि लेनिनग्राडचे मोठे स्टुडिओ उचलून कझाकस्तानातल्या अल्मा-आताला नेले. दिवसा वीज कारखान्यांना लागायची, म्हणून चित्रीकरण रात्री. मार्क दोन्स्कोय यांचा १९४४ चा 'रादुगा' हा युक्रेनच्या गोठलेल्या गावातला चित्रपट तुर्कमेनिस्तानात अश्गाबादच्या उन्हाळ्यात काढला, लोकरी कपडे घातलेले नट घामाने निथळत होते. आता अशा ठिकाणी जर्मन रणगाडा कुठून आणणार? म्हणून कथापटातला जर्मन हा सगळ्यात कच्चा दुवा. रशियन रणगाड्यावर रंगवलेला क्रॉस, प्लायवूडचे बुरुज, जर्मन गणवेशातल्या माणसाच्या हातात रशियन बंदूक, हे सगळं शोधायला जा, सापडेल. खरं जर्मन सामान लाल सेनेच्या हाती नंतर ढिगाने लागलं. २२ जून १९४३ ला मॉस्कोच्या गोर्की उद्यानात जिंकलेल्या शस्त्रांचं प्रदर्शन भरलं, त्यात लेनिनग्राडजवळ पकडलेला टायगर रणगाडाही होता. प्रचारासाठी असलं प्रदर्शन कुठल्याही कथापटाइतकंच उपयोगी.

जर्मन म्हटला की हातात एमपी-४०, बाह्या दुमडलेल्या, ही जी प्रतिमा आपल्या डोक्यात बसलीय ती मुख्यतः युद्धानंतरच्या चित्रपटांची देणगी. जर्मन पायदळाचा साधा सैनिक मोसिनसारखीच हाताने बोल्ट ओढायची माउझर रायफल घेऊन हिंडायचा.

युद्धाआधीचा एक चित्रपट मात्र कार्यक्रमात जरूर घ्या. १९३८ चा 'उद्या जर युद्ध झालं तर'. त्यात सैन्याच्या खऱ्या सरावाचं चित्रण आणि मांडलेली दृश्यं मिसळलेली आहेत. शत्रू हल्ला करतो आणि लाल सेना त्याला झटपट त्याच्याच भूमीवर लोळवते. धूळ उडवत जाणारे हलके, वेगवान रणगाडे बघून छाती फुगावी असं चित्रण. १९४१ च्या उन्हाळ्यात तसले रणगाडे हजारोंनी जळाले. त्याच्या पाठोपाठ १९४२ चा कोणताही वार्तापट लावा, मला वेगळं काही बोलायची गरज पडणार नाही.

शेवटचा प्रश्न अमेरिकन मदतीचा. ती दिसते. फक्त तिच्याबद्दल बोललं जात नाही. १९४३ नंतरच्या वार्तापटांत चिखलातून तोफ ओढणारा ट्रक नीट बघा, स्टुडबेकर आहे. अधिकारी ज्यातून उतरतो ती विलीस जीप. वैमानिक पोक्रिश्किन ज्या विमानाशी उभे असतात ते अमेरिकन एअराकोब्रा, ज्याचं दार मोटारीसारखं बाजूला उघडतं. निवेदक सांगतो 'आमचे वीर', आणि तेही खोटं नाही, चालवणारे त्यांचेच. ब्रिटन आणि कॅनडातून गेलेले व्हॅलेंटाइन रणगाडेही लाल सेनेने वापरले. तो रणगाडा आकाराने कसा आहे ते अंगठ्याएवढ्या क्लिपवरून कळत नाही, म्हणून सांगतो, नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक उभा आहे. एकदा त्याच्या शेजारी उभे राहून या. मग पडद्यावर मागच्या बाजूला धुरातून तो सरकला तरी ओळखाल.

कार्यक्रमासाठी सुचवतो: निवेदन लांब ठेवू नका, आणि एक तीन-चार मिनिटांचा तुकडा पूर्ण आवाज बंद करून दाखवा. तुमच्या त्या जुन्या सभासदांना पहिल्या रांगेत बसवा आणि डीपीची थाळी फिरते का ते बघायची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवा. काही अडलं तर त्या चौकटीचा फोटो पाठवा, फक्त खांदे कापू नका.